कोरमपुरती

विद्यानगर, हैदराबाद
९ जानेवारी

प्रिय रेणू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे जिवंत आहेत. बापूंचं बीपी त्यांच्या आवाजाइतकंच चढं आहे, आणि तुझी आई, भागूमावशी, मागच्या रविवारी लालागुड्याच्या बाजारात दिसली तेव्हा कोथिंबिरीवरून भांडत होती. पत्र लिहितेय कारण ही गोष्ट फोनवर बोलायची नाही आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच लिहायची नाही. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर काल कुणी शिंकलं तर आज सगळ्यांना पडसं झालेलं असतं.

परवा दुपारी प्राचार्यांच्या खोलीत मला डुलकी लागली. हसू नकोस. जानेवारीचं ऊन त्या खुर्चीवर असं काही येऊन पडतं की भल्याभल्यांचे डोळे मिटतील. स्वप्नात माझी मुलाखत चालू होती. निवड समिती मुसी नदीच्या पात्रात कमरेएवढ्या पाण्यात टेबल मांडून बसलेली. पाणी स्वच्छ, आपण कधीच पाहिलं नाही इतकं. माझे कागद एकेक करून वाहत पुलाखालून चालले होते आणि कुणालाच त्याची काळजी नव्हती, मलाही नव्हती. कॉलेज चालवणाऱ्या आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव म्हणाले, "बाई, तिसरं कोण?" मी वळून पाहिलं तर काठावर तू उभी होतीस, हातात चपला घेऊन. तेवढ्यात घंटा झाली आणि मी जागी झाले.

जागी झाले ती ही कल्पना घेऊनच.

जुने प्राचार्य निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं मी प्रभारी आहे हे तुला ठाऊकच आहे. तो शब्द आता मला आडनावासारखा चिकटलाय. कायमच्या प्राचार्यासाठी मंडळाने दोनदा जाहिरात दिली. पण आपल्या मंडळाच्या घटनेत लिहून ठेवलंय की मुलाखतीला निदान तीन उमेदवार हजर हवेत, नाहीतर निवड रद्द आणि जाहिरात पुन्हा. मंडळातले सगळे याला कोरम म्हणतात. आता मराठी जाणणारा, पीएचडी झालेला आणि हैदराबादेत यायला राजी असा माणूस आणायचा कुठून? पहिल्या वेळी मी एकटी होते. दुसऱ्या वेळी मी आणि गुलबर्ग्याचे एक गृहस्थ. ते दर जाहिरातीला अर्ज करतात, येतात, मंडळाचा शिरा खातात आणि आनंदाने परत जातात.

आता तिसरी जाहिरात निघतेय. निवड माझीच होणार हे सगळ्यांना माहीत आहे, एकनाथराव तोंडावर बोलून दाखवतात. अडलंय ते फक्त तिसऱ्या माणसापाशी. म्हणून तू ये, पीएचडी तुझी झालेलीच आहे. अर्ज कर, किनवटहून आदिलाबादकडून येणारी गाडी पकड, समितीसमोर थोडा वेळ बस, काहीही बोल. मग आपण बिर्याणी खाऊ आणि युनिव्हर्सिटीच्या आर्ट्‌स कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून पूर्वीसारखे मोर बघू.

बापूंना आपल्या लेकीला त्या खुर्चीत डोळ्यांनी बघायचंय. त्यांच्या वडिलांनी या कॉलेजच्या पायासाठी गावाकडून बैलगाड्यांनी दगड आणले होते. रोज संध्याकाळी विचारतात, "काय की, कधी बसवणार हे लोक तुला?" आणि मलाही ते पद हवं आहे, रेणू. तुझ्यापाशी लाजायचं काय.

ये ना.

तुझी
योगी


किनवट
२० जानेवारी

प्रिय योगी,

तुझं पत्र शिपायाने थेट वर्गात आणून दिलं. मी सागाचं पान हातात धरून त्याच्या शिरा दाखवत होते. मुलींना वाटलं मॅडमना कुणाचं तरी प्रेमपत्र आलं. मी म्हटलं, जवळजवळ तसंच आहे.

कोरम भरायला मी जन्मलेलीच आहे गं. वक्तृत्व स्पर्धेला जोडी लागायची म्हणून तू मला ओढून न्यायचीस. तू बोलायचीस आणि मी शेवटी 'म्हणून माझ्या सहकारी म्हणाल्या ते योग्यच आहे' एवढं म्हणून खाली बसायचे. सहलीच्या बसला एक डोकं कमी पडलं, की रेणुका. नाटकात मागे उभी राहायला कुणी हवं, की रेणुका. तक्रार करत नाहीये. मला मागे उभं राहून सगळं नीट दिसायचं.

पण या वेळी नको. इथे प्रात्यक्षिक परीक्षा आहेत, आणि खोटं कशाला बोलू, मुलाखतीला बसायचं म्हटलं की मी अजून भिते. शिवाय ते कॉलेज मला स्वप्नात बघायचीच सवय झालीय. आठवड्यातून एकदा तरी येतं. बहुतेक संध्याकाळच असते आणि आपला विलायती शिरीष पानं मिटायला लागलेला असतो. आपण म्हणायचो ना, "झाड झोपलं, चला घरी." स्वप्नात मात्र मी घरी जात नाही. सगळ्या वर्गांची दारं उघडी असतात, आत कुणी नसतं, तरी शिकवल्याचा आवाज येत असतो.

त्या झाडाखाली आपण दोघींनी एक कॉलेज बांधलं होतं, आठवतं का? विसाव्या वर्षी माणसं काय काय बांधतात. तुझा होता शनिवार. शनिवारचा शेवटचा तास बिनविषयाचा, हजेरी नाही, पुस्तक नाही, ज्याला जे माहीत आहे ते त्याने आपल्या घरच्या भाषेत सांगायचं, तेलुगूत सांगा, दखनीत सांगा, बंजाऱ्यांच्या लंबाडीत सांगा. आणि माझी होती खिडकी. वाचनालयाची मुसीकडची ती मोठी खिडकी, जी वास येतो म्हणून खिळे ठोकून बंद केलेली होती. मी म्हणायचे, मी असते तर पहिल्या दिवशी ती उघडली असती.

तू आता प्रभारी का होईना, प्राचार्य आहेस. उघडलीस का गं खिडकी?

तुझी
रेणू


विद्यानगर
२ फेब्रुवारी

प्रिय रेणू,

खिडकीचं भेटीत सांगेन. पत्रात मावायचं नाही ते.

आधी माझं ऐक. तुझ्या प्रात्यक्षिक परीक्षा फेब्रुवारीअखेर संपतात, मी चौकशी केलीय. मुलाखत मार्चच्या पहिल्या आठवड्यात आहे. तेव्हा ती सबब बाद. आणि भ्यायचं काय कारण? माणूस भितो ते मिळण्याची आशा असते तेव्हा. तुला कुणी विचारणार नाही, तू कुणाला उत्तर देणं लागत नाहीस. लग्नाला पाहुणी म्हणून गेल्यासारखं जायचं, जेवायचं आणि यायचं.

काल मुद्दाम लालागुड्याला जाऊन भागूमावशीला भेटून आले. दारातच धरलं तिने मला. "कवा येती माझी रेणुका? सागाच्या झाडासंगं लगीन लावलं का तिनं?" मी म्हटलं, मार्चात येतेय. आता तू नाही आलीस तर मला त्या गल्लीतून जाता येणार नाही. हो, ही जबरदस्ती आहे. मैत्रिणीने नाही करायची तर कुणी करायची?

इथे सध्या सगळं पेंगुळल्यासारखं आहे. नुमाइशची जत्रा संपत आलीय, संध्याकाळी रस्त्याने माणसं हातात लोणच्याच्या बरण्या आणि काश्मिरी शाली घेऊन हळूहळू चालत जाताना दिसतात. बापू गच्चीवर खुर्ची टाकून बसतात आणि युनिव्हर्सिटीकडून मोराचा आवाज आला की हात वर करतात. परवा मला म्हणाले, "तू खुर्चीवर बसलीस की मला एकदा तिथं घेऊन जा. काही नाही, दारातून बघतो अन् येतो." त्या माणसाला गुडघ्यांमुळे गल्लीच्या टोकापर्यंत चालवत नाही, रेणू. तरी तो दारातून बघायला येणार आहे.

आता नाही म्हणून दाखव.

तुझी
योगी


किनवट
१८ फेब्रुवारी

योगी,

अर्ज टाकला. बापूकाकांसाठी आणि आईसाठी. तुझ्यासाठी तर कोरमपुरती मी कायमच आहे.

मुलाखतीला कोणती साडी नेसायची ते कळव. पडायला जाणाऱ्या बाईने फार नटूही नये आणि अगदीच गबाळंही दिसू नये.

रेणू


किनवट
११ मार्च

प्रिय योगी,

पोचले. गाडी बासरपाशी बराच वेळ थांबली होती. गोदावरीवर पहाट होत होती आणि डब्यातले सगळे झोपलेले. मलाही धड जाग नव्हती, धड झोप नव्हती. त्या अवस्थेत मी अख्खी मुलाखत पुन्हा एकदा दिली, आणि खरं सांगू, दोन्हींतली खरी कोणती ते आता मला नीट सांगता येणार नाही.

आपण तिघं शिरीषाखालच्या बाकावर बसलो होतो ते मात्र स्पष्ट आठवतं. तू नारायणपेठ नेसली होतीस आणि तुझा पदर वाऱ्याने सारखा गुलबर्ग्याच्या गृहस्थांच्या वर्तमानपत्रावर जात होता. ते प्रत्येक वेळी उचलून अदबीने परत देत होते. तू पहिली आत गेलीस. मग ते गेले. मग मी.

मुलाखत वाचनालयात होती म्हणून मला खिडकी दिसली. म्हणजे खिडकीच्या जागी एसी दिसला. मग कळलं, तू पत्रात का टाळलंस ते. मला राग आला नाही, योगी. गंमत वाटली. मी त्या एसीकडेच बघत बसले. विद्यापीठाकडून आलेल्या त्रिवेणी मॅडमनी तेवढ्यात विचारलं, "बोलो अम्मा, कॉलेज तुम्हारे हात में आया तो पैला काम क्या करते?"

मी म्हटलं, "वो खिडकी खोलती."

"एसी निकाल के?"

"हौ. निकाल के."

एकनाथराव म्हणाले, "अहो ताई, मुसीचा वास येतो. डोकं धरतं." मी म्हटलं, येऊ द्या. मुली विचारतील, नदीला वास का येतो. त्याचं उत्तर द्यायला माझं वनस्पतिशास्त्र पुरणार नाही, रसायनवाल्यांना बोलवावं लागेल, मग इतिहासवाल्यांना, मग नदीकाठी ज्यांच्या आज्या कपडे धुवायच्या त्या मुलींना. वर्षभराचा अभ्यासक्रम होईल. त्यानंतर मी जे बोलत सुटले ते झोपेत बोलावं तसं. कुणी थांबवलंच नाही. मिळवायचं काही नव्हतं, घालवायचं काही नव्हतं, माझ्यासारख्या भित्र्या बाईला एवढं मोकळं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा घशाला कोरड पडली होती आणि शिरा संपला होता.

स्टेशनवर तू गप्प होतीस. दमली असशील. काकांना सांग, खुर्चीत बसल्यावर एक फोटो माझ्यासाठी काढा.

तुझी
रेणू


विद्यानगर
२३ मार्च

रेणुका,

दमले नव्हते. तू आत असताना मी दाराबाहेर उभी होते. आतून हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ एकट्या तुझाच आवाज, शब्द कळत नव्हते. समिती बाहेर पडली तेव्हा एकनाथराव चष्मा पुसत होते आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेव्हाच कळलं. स्टेशनवर तू मला चहा दिलास तो मी प्यायले कशी, मला माहीत नाही.

निवड तुझी झाली आहे. मंडळाचं पत्र तुला या आठवड्यात मिळेल. प्रभारी म्हणून त्याच्या प्रतीवर माझी सही आहे.

मी काय केलं मुलाखतीत, सांगू? मी तक्ते दाखवले. निकाल किती वाढला, मुलींसाठी नवी स्वच्छतागृहं कधी झाली, दुसऱ्या मजल्याचं छत किती वर्षं गळत होतं आणि ते कुणाच्या मागे लागून दुरुस्त करून घेतलं. हे सगळं मी केलं, रेणुका. तू सागाची पानं दाखवत होतीस तेव्हा मी इथे छतावर उभी राहून गवंड्याशी वाद घालत होते. त्यांना छत नको होतं. त्यांना स्वप्न हवं होतं.

आणि तेही कुणाचं? एकनाथराव काल घरी आले होते. कौतुकाने सांगत होते, "काय सुंदर कल्पना आहे हो तुमच्या मैत्रिणीची, शनिवारच्या तासाची! हजेरी नाही, पुस्तक नाही, ज्याने त्याने आपल्या भाषेत." बापू ऐकत होते. मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने आत गेले. खिडकी तुझी होती, मान्य. शनिवार माझा होता. तू स्वतः जानेवारीत तसं लिहिलंस. माझ्याजवळ माझं म्हणावं असं एवढंच होतं, आणि तेही तू माझ्याच कॉलेजात, माझ्याच बोलावण्यावर येऊन देऊन टाकलंस.

बापू तेव्हापासून रोजचा तो प्रश्न विचारत नाहीत. गच्चीवर जात नाहीत.

यावर काय करायचं ते तुझं तू ठरव. मी काही मागणार नाही.

योगिनी


किनवट
१ एप्रिल

प्रिय योगी,

तू काही मागितलं नाहीस म्हणून सगळं खरं लिहितेय.

मंडळाचं पत्र आलं त्याच दिवशी मी नकार लिहिला. पाकीट बंद करून पोस्टाकडे निघाले. वाटेत मोहाची झाडं आहेत. आता फुलं गळताहेत, सकाळी सगळी जमीन फिकट पिवळी होते आणि गोडसर वासाने डोकं जड होतं. बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. मी तिथेच एका दगडावर बसले. बसल्या बसल्या डोळा लागला असावा, कारण मी वाचनालयात होते आणि खिडकी उघडी होती. कुणीतरी मला विचारत होतं, "मॅडम, आता पुढे काय?" आणि मला उत्तर येत होतं. जागी झाले तर एक म्हातारी माझ्या पदरात पडलेली फुलं वेचून घेत होती.

ते पाकीट मी पोस्टात टाकलं नाही. घरी येऊन दुसरं लिहिलं आणि ते टाकलं. मी होकार कळवला आहे, योगी.

तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, मला ते पद हवं आहे, तुझ्यापाशी लाजायचं काय. तर मीही लाजत नाही. मलाही ते हवं आहे. हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा लिहितेय, अक्षर जरा वाकडं आलंय बघ. तू मला तिसरी म्हणून बोलावलंस तेव्हा तिसऱ्या बाईलाही काही हवंसं वाटू शकेल हे तुझ्या मनात आलं नाही. तुला दोष देत नाही, माझ्याही मनात आलं नव्हतं. समितीसमोर बोलता बोलता आलं. मध्येच लक्षात आलं की मी हे नुसतं सांगत नाहीये, मागतेय. तिथे थांबायला हवं होतं का? मी थांबले नाही.

शनिवारचं मात्र तुला अर्धंच कळलंय. त्रिवेणी मॅडमनी मला विचारलं होतं, "ये तास कौन लेगा?" मी म्हटलं, "योगिनी लेगी. उसीका है." त्या हसल्या, एकनाथराव पण हसले. त्यांना वाटलं, बाहेर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याबद्दल मी उगाच मोठेपणा दाखवतेय, म्हणून त्यांनी घरी येऊन ते सांगितलं नसेल. मला ते मोठेपणाने म्हणायचं नव्हतं. तो तास दुसरं कुणी घेताना मला स्वप्नातही दिसलेलं नाही.

छताचं तू लिहिलंस ते वाचून मला लाज वाटली. ते छत तू केलंस म्हणून मला खिडकीचा विचार करता येतोय, एवढं मला कळतं. त्यांना कळलं नसेल तर मी सांगेन, पहिल्याच सभेत, सगळ्यांसमोर.

पण पद मी सोडणार नाही. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी सोडणार नाही, आणि तू बोलली नाहीस तर मी कशी राहीन ते मला ठाऊक नाही.

तुझी
रेणू


विद्यानगर
१६ एप्रिल

प्रिय रेणू,

तुझं पत्र आलं आणि मी ते टेबलाच्या खणात टाकून दिलं. मग रोज काढून वाचलं. शेवटच्या दोन ओळी वाचल्या की पुन्हा राग यायचा, आणि तो राग तुझ्यावर नसायचा हे कळायला मला बरेच दिवस लागले.

परवा चौदा एप्रिलला लालागुड्याला गेले होते. दर वर्षी भागूमावशी जयंतीला बोलावते आणि दर वर्षी मला काहीतरी काम निघतं. या वेळी काम नव्हतं. गल्लीभर निळी निशाणं, लाऊडस्पीकर, पोरींच्या नव्या साड्या, आणि तुझा भाऊ अमरदीप मंडपात खुर्च्या लावत होता. मावशीने मला खाटेवर बसवून खिरीची वाटी हातात दिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी पोर परत येती! मोठी मास्तरीण होऊन येती!" मी म्हटलं, हो मावशी, ठाऊक आहे. मग ती माझ्याजवळ बसली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "अन् मंग तुला गं, बाय?"

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी वाटी हातात धरून रडले, अगदी नाक लाल होईपर्यंत. तिने आणखी खीर वाढली.

घरी आले तर बापू गच्चीवर होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती श्रीपतीची पोर ना? वक्तृत्वाला तुझ्यासंगट असायची ती?" मी म्हटलं, तीच. मग म्हणाले, "ती शेवटी एकच वाक्य बोलायची. आम्ही सगळे तुलाच ऐकायला यायचो. तिला कुणी बोलूच दिलं नाही, काय की." तेवढ्यात मोर ओरडला आणि त्यांनी हात वर केला. दारातून बघायचा त्यांचा बेत अजून कायम आहे. आत कुणी का बसलेलं असेना, त्यांना बघायचं आहे.

काल दुपारी प्राचार्यांच्या खोलीत मी शेवटची डुलकी घेतली. तेच स्वप्न. मुसीचं पाणी तसंच स्वच्छ, टेबल तसंच पाण्यात. पण या वेळी समितीसमोर तू उभी होतीस आणि काठावर मी होते, हातात चपला घेऊन. माझ्या दोन आणि तुझ्या दोन. मला वाटलं होतं तिथे उभं राहणं फार वाईट असेल. तसं नव्हतं गं. तिथून सगळं नीट दिसत होतं. तू म्हणायचीस ते खरं आहे.

उठले आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून वाचनालयातला एसी काढायला लावला. प्रभारी म्हणून माझा हा शेवटचा हुकूम. खिळे गंजले होते, सुताराला घाम फुटला. खिडकी उघडली आणि असा वास आला की ग्रंथपालबाई पदर नाकाला लावून बाहेर पळाल्या. मुली ओरडल्या, हसल्या. मग दुसऱ्या वर्षाची एक मुलगी नाक धरून तशीच खिडकीपाशी उभी राहिली. बराच वेळ खाली बघत होती. म्हणाली, "मॅडम, ये पैले से ऐसीच थी क्या?" मी तिला सांगितलं, जूनमध्ये एक मॅडम येताहेत, त्यांना विचार.

आता माझा अर्ज.

महोदया, शनिवारच्या शेवटच्या तासासाठी मी इच्छुक आहे. अनुभव नाही, तक्ते नाहीत, तास कसा घ्यायचा हे मला वीस वर्षांपूर्वी ठाऊक होतं, आता पुन्हा शिकावं लागेल. पण तो माझा आहे आणि मला तो हवा आहे.

नियमाप्रमाणे तीन उमेदवार लागतील. मी आहे. गुलबर्ग्याचे गृहस्थ येतीलच, शिरा मी स्वतः करणार आहे. तिसरी म्हणून तू बस. आणि खबरदार, या वेळी निवडून यायचं नाही.

तुझी
योगी